पुण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र: पैशांसारखाच पाण्याचाही ताळेबंद मांडा

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि परिसर

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच एक आहे. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीत सहा वर्षं सचिव होतो. लिफ्ट बंद पडली की पहिला फोन कोणाला जातो, मेंटेनन्स थकवणाऱ्याच्या दारात उभं राहताना कसं वाटतं, आणि एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला आलेल्या "टँकर कुठे आहे?" या फोनला काय उत्तर द्यायचं, हे सगळं मी भोगलेलं आहे. पगार नाही, आभार क्वचित, आणि शिव्या मात्र नेमाने. तरीही तुम्ही हे काम करता, याची मला पूर्ण जाणीव आहे. ती ठेवूनच एक मागणी करतो आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेत जमाखर्च आणि ताळेबंद मांडला जातो, ऑडिट रिपोर्ट वाचला जातो आणि झेरॉक्सच्या बिलावरसुद्धा अर्धा तास वाद होतो. त्याच सभेत, त्याच टेबलावर, वर्षभराच्या पाण्याचा ताळेबंद ठेवा. किती पाणी आलं, कुठून आलं, कुठे गेलं आणि किती परत वापरलं, एवढंच एका कागदावर लिहायचं आहे. माझी मागणी एवढीच आहे. ती इतकी कळकळीने का करतो आहे, ते सांगायला मात्र थोडं लांबण लावावं लागेल.

माझ्या सचिवपणाच्या तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बोअर आटली. सोसायटी ९६ फ्लॅटची, बारा-बारा मजल्यांचे दोन विंग. महापालिकेचं पाणी गरजेच्या निम्म्याच्या आसपास आणि उरलेलं सगळं टँकरवर. कमिटीत कोणीतरी म्हणालं, आपल्याकडे रेनवॉटर हार्वेस्टिंग आहे ना, मग बोअर आटते कशी? मंजूर नकाशा काढून बघितला. नकाशात पुनर्भरणाचे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचे, दोन खड्डे स्पष्ट दाखवलेले होते, बांधकामाच्या वेळी बिल्डरने ते दाखवूनच भोगवटा पत्र घेतलं होतं, आणि आम्ही त्याच जोरावर मालमत्ता करात सवलतही घेत होतो. प्रत्यक्षात ते खड्डे कुठे आहेत हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी जुन्या वॉचमनने दाखवलं. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकच्या खाली.

प्लंबरने पहारीने झाकण उचललं तेव्हा मी शेजारी उभा होतो. आत विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. बांधकामाचा सगळा राडारोडा. तो उपसायला दोन माणसांना दीड दिवस लागला. तळाशी खडी नव्हती, वाळू नव्हती, गाळणीचं नाव नव्हतं. गच्चीवरून आलेला चार इंची पाइप खड्ड्यात उतरत होता आणि समोरच्या भिंतीतून तसाच दुसरा पाइप बाहेर पडून रस्त्याच्या गटाराला मिळत होता. गच्चीवर पडलेलं नऊ पावसाळ्यांचं पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेलं होतं. दुसरा खड्डा तर सापडलाच नाही. तो फक्त नकाशातच होता.

बिल्डरला दोष द्यायचा तर देता येईल, आणि तो त्याचा होताही. पण ताबा घेतल्यावर नऊ वर्षांत आम्हीही एकदासुद्धा झाकण उघडलं नव्हतं. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पण ते नुसतं बांधून भागत नाही. ते चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर, म्हणजे आपल्यावर टाकलेली आहे. ते केलं नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. आम्ही चालू नसलेल्या प्रकल्पाची सवलत घेत होतो. ते कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

त्या जूनमध्ये आम्ही काम करून घेतलं. खड्डा साफ केला. खालून वर मोठे गोटे, खडी, जाड वाळू असे थर लावले. पाइपला गाळणी बसवली. पहिल्या एक-दोन पावसांचं गच्ची धुऊन येणारं पाणी बाहेर सोडायला वॉल्व्ह ठेवला आणि पुढचं पाणी आटलेल्या बोअरकडे वळवलं. एक गोष्ट बजावून सांगतो, कारण मी ती चूक होताना पाहिली आहे. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी सोडायचं, तेही गाळून. पार्किंगमधलं, रस्त्यावरचं किंवा ड्रेनेजच्या चेंबरशेजारचं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका. त्यातलं ऑइल आणि घाण एकदा खडकाच्या भेगांत गेली की ती काढून घेण्याचा उपाय नाही.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि तिथे माझा सगळ्यात मोठा गैरसमज मोडला.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या दोन्ही गच्च्या मिळून ८०० चौरस मीटर. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. म्हणजे ५,६०,००० लिटर. गच्ची भिजण्यात, वाफ होण्यात आणि पहिलं पाणी सोडून देण्यात पाचवा हिस्सा गेला तरी साडेचार लाख लिटर, दहा हजार लिटरचे जवळपास ४५ टँकर. सभेत हा आकडा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बाईंनी दुसरा गुणाकार मांडला. त्या शाळेत गणित शिकवत होत्या. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण, एका घरात चार माणसं, ९६ घरं. रोजची गरज सुमारे ५२,००० लिटर. म्हणजे वर्षभराचं गच्चीवरचं सगळं पाणी आम्हाला नऊ दिवससुद्धा पुरणार नव्हतं.

बंगल्याचं तसं नसतं. तिथे एका घराच्या डोक्यावर एक गच्ची असते. बारा मजली इमारतीत तीच गच्ची बारा घरांत वाटली जाते. म्हणून उंच इमारतीने फक्त पावसाच्या पाण्यावर विसंबून "आमची सोसायटी ग्रीन आहे" असं म्हणू नये. बाईंनी मग तिसरा आकडा फळ्यावर लिहिला. त्या १३५ लिटरमधले ४५ लिटर फक्त फ्लशचे धरलेले असतात. ३८४ माणसांचे रोज १७,२८० लिटर. वर्षाला ६३ लाख लिटर. गच्चीवरच्या पाण्याच्या चौदा पट!

तो फळा मी मोबाईलमध्ये टिपून ठेवला आहे. आम्ही वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवर वाद घालत होतो ती साडेचार लाखांची होती आणि जिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती ६३ लाखांची. हिशेब मांडेपर्यंत हे एकालाही सुचलं नव्हतं. अभियंते, सीए, बँकेतले अधिकारी, सगळे त्या खोलीत होते.

फ्लशच्या पाण्यासाठी आमच्याकडे सोय होती. शेजारच्या दोन सोसायट्या आणि आम्ही मिळून एकच गृहप्रकल्प. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर, त्यामुळे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागली आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, बांधावा लागला. प्रत्येक घरात फ्लशसाठी वेगळा पाइप, गच्चीवर वेगळी टाकी. घरात वापरलेल्या पाण्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग ड्रेनेजमध्ये जातो. ते शुद्ध केलं तर फ्लश भागून बागेलाही उरावं.

पण फ्लशला वास यायचा. रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या. एका पावसाळ्यात कोणीतरी गच्चीवर जाऊन पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून फ्लशच्या टाकीत येणारा वॉल्व्ह उघडला. तो तीन वर्षं उघडाच होता. बिलं मात्र दोन्हींची चालू: एसटीपीच्या कंत्राटदाराचंही आणि टँकरचंही.

वास का येत होता? मी एका रात्री साडेअकराला एसटीपीच्या खोलीत गेलो. ब्लोअर बंद होते. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, रात्री बंद ठेवा असं तुमच्याच मीटिंगमध्ये ठरलंय, लाइट बिल वाचवायला." खरं होतं. ठरावावर माझीच सही होती. एसटीपीतलं काम रसायनं करत नाहीत, जिवाणू करतात. त्यांना श्वासाला हवा लागते आणि ती ब्लोअर पुरवतो. सात-आठ तास हवा तोडली की ते मरायला लागतात, पाणी सडतं, आणि सकाळी ते आपल्याच संडासात परत येतं. आम्ही विजेचे चार पैसे वाचवून पाण्याचे चाळीस घालवत होतो, आणि वर "एसटीपीचं पाणी घाणच असतं" असं मत तयार करून बसलो होतो. ब्लोअर चोवीस तास सुरू केले, आळीपाळीने चालवायला दुसरा दुरुस्त करून घेतला, पुढची गाळणी धुऊन घेतली. काही आठवड्यांत वास गेला. मग तो वॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घातलं. किल्ली अजून सोसायटीच्या ऑफिसात, खिळ्याला.

जुन्या इमारतींना वेगळा पाइप नसतो, हे मला माहीत आहे. तिथे सगळं बदला असं मी म्हणणार नाही. पण जुनी दहा-बारा लिटरची फ्लशची टाकी काढून तीन आणि सहा लिटरची दोन बटनांची टाकी बसवणं प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला घेणंही अवघड नाही. नळाच्या तोंडाला जाळी बसवायला प्लंबरला घरटी पंधरा मिनिटं लागतात. या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे पुढे जातो.

गळतीवर मात्र थांबतो, कारण तिथे फुकटात पाणी मिळतं.

रात्री दोन वाजता सगळी सोसायटी झोपलेली असते, म्हणजे टाकीतलं पाणी हलायला नको. आम्ही काय केलं, पंप बंद ठेवले. वॉचमन आणि मी गच्चीवर गेलो. टाकीत एक सरळ बांबू उभा केला, पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली आणि चार वाजता परत बघितलं. प्रत्येक विंगची टाकी आतून चार मीटर बाय तीन मीटर. त्यात पाणी एक सेंटिमीटर उतरलं की १२० लिटर गेलं. दोन तासांत पाणी साडेचार सेंटिमीटर उतरलं होतं. दोन्ही विंगमध्ये जवळपास तेवढंच. म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी, कोणी नळ न उघडता. रात्री उठणाऱ्यांचा आणि रात्रपाळी करून येणाऱ्यांचा वापर वजा केला तरी दिवसाला एक टँकर भरेल इतकं पाणी नुसतं झिरपत होतं. पैसे मोजून आणलेलं.

कुठे, ते मुलांनी शोधलं. सुट्टीचे दिवस होते. आठ-दहा मुलांना खाण्याचा लाल रंग दिला आणि घरोघरी पाठवलं. फ्लशच्या टाकीत रंगाचे काही थेंब टाकायचे, बटन दाबायचं नाही आणि पंधरा मिनिटांनी भांड्यात बघायचं. भांड्यातलं पाणी लाल दिसलं की आतलं रबर गेलेलं. घरात राहणाऱ्या कोणालाही ती गळती ऐकू येत नाही, दिसत नाही. मुलं वहीत फ्लॅट नंबर लिहून आणत होती. वही भरत गेली. एका आजोबांच्या घरातले तिन्ही फ्लश गळत होते. ते तर आम्हाला रोज पाणी जपून वापरा म्हणून सांगणारे गृहस्थ. त्यांना फार वाईट वाटलं. दुरुस्ती म्हणजे एक रबरी वॉशर. सोसायटीनेच सगळ्यांचे बदलून दिले. पैसे कोणाकडून घ्यायचे याचा वाद घालत बसलो असतो तर पावसाळा आला असता.

आता मीटरचं बोलतो. इथे मतभेद होतील, होऊ द्या.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पाण्याची आकारणी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर होते. म्हणजे नळ किती आहेत ते बघायचं, पाणी किती गेलं ते नाही. आमच्याकडे एकटी राहणारी आजी आणि रोज पाइप लावून दोन गाड्या धुणारं घर, दोघांना बिल सारखंच. याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते उद्योजक होते, अभियंते होते. त्यांनी पाणी जमिनीच्या एकरांवर वाटलं नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. उसाला पाणी नाही. दुष्काळी पुरंदरच्या शेतकऱ्यांनी हे मान्य केलं.

आपणही माणशी धरू शकतो. घरटी मीटर बसवा, पण नुसत्या युनिटवर बिल लावू नका, नाहीतर सहा माणसांच्या घरावर अन्याय होईल. माणशी ठरावीक लिटरपर्यंत साधा दर आणि त्यापुढे चढता दर ठेवा. जुन्या इमारतीत एका घरात पाण्याचे तीन-चार उभे पाइप येतात, तेवढे मीटर बसवणं महाग पडतं. तिथे निदान विंगनिहाय मीटर लावा आणि आकडा दर महिन्याला लिफ्टशेजारी चिकटवा. आमच्याकडे फक्त एवढं केल्यावर ए आणि बी विंगमध्ये चुरस लागली. वापर कमी झाला, आणि त्यासाठी कोणावर ओरडावं लागलं नाही.

हे पत्र एकट्या माझ्या सोसायटीला न लिहिता सगळ्यांना का, याचं कारण जमिनीखाली आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. पाणी वरच्या मुरमात, खडकाच्या सांध्या-भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात साठतं. ती जागा थोडी असते आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी संपत नाही. आम्ही पुनर्भरण केलं त्या वर्षी आमची बोअर आदल्या वर्षापेक्षा महिनाभर जास्त चालली. पण रस्त्यापलीकडच्या सोसायटीने त्याच हिवाळ्यात दोन नव्या बोअर मारल्या आणि पुढच्या वर्षी तो महिना गेला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्याही दारात टँकर उभे होते. पुण्यातलीच अ‍ॅक्वाडॅम ही संस्था वर्षानुवर्षं समजावते आहे की भूजल ही सामाईक मालमत्ता आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट आणि त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' धरलं आहे. आपण मात्र पाचशे फुटांच्या बोअरच्या गोष्टी सहज बोलतो. खोल गेल्याने नवं पाणी तयार होत नाही. शेजाऱ्याचं पाणी आधी मिळतं, एवढंच.

आणि धरणांचं म्हणाल तर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, साठा. त्यातच शहर आणि त्यातच हवेली, दौंड, इंदापूरची शेती. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि त्या गावांतल्या सोसायट्यांना नळाचं पुरेसं पाणी मिळण्याआधी टँकरची सवय लागली. टँकर कोणत्या विहिरीवर भरला जातो, हे आपण विचारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळले आणि तपासाची दिशा पाण्याकडे वळली, तेव्हा पहिल्यांदा अनेक कमिट्यांनी क्लोरीनची बाटली हातात घेतली. गावातला जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला. नळीत पाणी, त्यात दोन-चार थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. ती पेटी आपल्या वॉचमनच्या टेबलावरही राहू शकते. टँकरचं पाणी खाली टाकीत सोडण्याआधी हे करायला पाच मिनिटं लागत नाहीत. रंग आला नाही तर आधी क्लोरीन घाला, मगच ते पाणी वर चढवा. ताळेबंदात टँकरच्या आकड्याशेजारी ही नोंदही येऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब ठेवणार कोण? अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला एकदा जाऊन या. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळा संपला की पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे हे मोजतात, ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायला तर गावाने बंदीच घातलेली आहे. ते अवर्षणप्रवण भागातलं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. आपल्याकडे तर सॉफ्टवेअरवर मेंटेनन्सची बिलं निघतात.

हिवरे बाजारची ग्रामसभा आणि आपली वार्षिक सभा, दोन्ही पावसाळ्याच्या शेवटाशी येतात. हे मला सभेची नोटीस टाइप करताना एका रात्री लक्षात आलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही. सप्टेंबरअखेर पाऊस परतीला लागलेला असतो. पुढच्या आठ महिन्यांत हातात काय आहे, हे ठरवण्याची तीच वेळ.

कागदावर जमेच्या बाजूला महापालिकेचं पाणी, बोअरचं पाणी (पंप किती तास चालला आणि एका तासात टाकी किती भरते, यावरून काढता येतं), टँकर आणि एसटीपीतून परत आलेलं पाणी. खर्चाच्या बाजूला घरं, फ्लश, बाग, आणि बांबूने मोजलेली रात्रीची गळती. शेवटी शिल्लक म्हणून बोअरमधली पाण्याची पातळी. दोरीला वजन बांधून ती मोजता येते. आकडे पहिल्या वर्षी अंदाजाचे असतील. असू द्या. दुसऱ्या वर्षी बरे होतील. पावसाची नोंद ठेवायला गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातंही त्याच वेळेला वाचतं. आमच्याकडे हे काम सातवीतल्या एका मुलीने मागून घेतलं आणि परीक्षेच्या दिवसांतही सोडलं नाही.

शेतकरी मृग लागायच्या आत बांधबंदिस्ती उरकतो. सोसायटीने त्याच्या आत गच्ची झाडावी, जाळ्या साफ कराव्यात, पुनर्भरणाच्या खड्ड्यातला वरचा गाळाचा थर काढून नवी वाळू टाकावी. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणजे मे संपताना प्लंबरला सांगायचं.

सभेची नोटीस चौदा दिवस आधी सदस्यांच्या हातात द्यावी लागते. त्यामुळे ठरवायचं ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून विषयाचा मसुदा खाली देतो आहे. फक्त क्रमांक आणि तारखा घाला:

विषय क्र. ___ : संस्थेच्या मागील वर्षातील पाण्याच्या ताळेबंदाची नोंद घेणे, पर्जन्यजल पुनर्भरण व सांडपाणी शुद्धीकरण व्यवस्था प्रत्यक्ष पाहणी करून चालू आहेत की नाहीत याचा अहवाल स्वीकारणे, आणि येत्या उन्हाळ्यासाठी पाणी वापराचे नियोजन मंजूर करणे.

पहिल्या वेळी अडलं तर बोलवा. बांबू आणि खडू घेऊन रात्री दोनला मी तुमच्या गच्चीवर येईन.

आपला,
एका सोसायटीचा माजी सचिव